अकोल्याचा मे महिना, रायझन ७७००एक्स आणि ५,२०० रुपयांचा लिक्विड कूलर: घ्यावा का?

वऱ्हाडी_एडिटर

नमस्कार मंडळी,

मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्या धंद्याची गंमत अशी की कामाचा सगळा लोंढा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बाहेर ४४-४५ अंश असतात नेमका तेव्हाच. खोलीत डेझर्ट कूलर लावला तरी दुपारी ३७च्या खाली काही येत नाही, आणि टाकीतलं पाणी संपलं तर विचारूच नका.

मशीन असं आहे: रायझन ७ ७७००एक्स, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, मिड टॉवर कॅबिनेट. प्रोसेसरवर सध्या एका पंख्याचा साधा टॉवर कूलर (धातूच्या पट्ट्यांचा मनोरा आणि त्यावर पंखा) आहे, दोन हजारांच्या आतला. डाविंची रिझॉल्व्हमध्ये (एडिटिंगचा प्रोग्राम) एक्स्पोर्ट लावला की प्रोसेसर ९५ अंशांना जाऊन टेकतो आणि तिथंच ठाण मांडून बसतो.

इथला दुकानदार २४० मिमीच्या रेडिएटरचा एक लिक्विड कूलर (पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं) ५,२०० ला देतो म्हणतो. कंपनी फारशी कुणी ऐकलेली नाही. डब्यावर "२५० वॅट टीडीपी" (एवढी उष्णता काढू शकतो असा दावा) छापलंय, तीन वर्षांची वॉरंटी, रंगीत लाइट. त्याचा एक व्हिडिओ पाहिला, त्यात तापमान फक्त ६८ दिसत होतं. त्याच पैशात दोन टॉवर, दोन पंखेवाला एअर कूलरही येतो.

घ्यावा का? आणि गळला तर? माझ्या हार्डडिस्कमध्ये लोकांची लग्नं आहेत राजेहो. जाणकारांनी सांगावं.

खटपट्या

भाऊ, मी चिंचवडला गाड्यांच्या रेडिएटरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, त्यामुळे असा विषय निघाला की हात शिवशिवतात. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या ६८चा समाचार घेतो. खोली किती अंशांवर होती? प्रोसेसर किती वॅट खात होता? किती वेळ चालवला? या तिन्हींचं उत्तर व्हिडिओत नसेल, तर तो आकडा लग्नपत्रिकेवरच्या "आपली उपस्थिती हाच आहेर" इतकाच खरा. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाही कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नाही. खोलीपेक्षा किती अंश वर राहायचं, एवढंच त्याच्या हातात. परदेशातले टेस्टवाले साधारण २१ ते २५ अंशांच्या खोलीत मोजतात. २३च्या खोलीतले ६८ म्हणजे खोलीपेक्षा ४५ वर. तुमच्या दुपारच्या ३७मध्ये तेच ८२ होतात, तेही वॅट तेवढेच असतील तर. डब्यावरच्या "२५० वॅट"चं तेच. कुठल्या खोलीत आणि किती तापू देऊन, ते छापलेलं नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. टॉवर कूलर पाच-सात मिनिटांत आपल्या शेवटच्या तापमानाला पोचतो. लिक्विडमध्ये आधी पाणी तापावं लागतं, त्याला अर्धा तास द्या. पाच मिनिटांत टेस्ट उरकणारा माणूस थंड पाण्याची करामत दाखवत असतो, रेडिएटरची नव्हे. तुमचा एक्स्पोर्ट तासभर चालणार.

गेल्या उन्हाळ्यात भाच्यासाठी असाच एक अनोळखी नावाचा २४० आणला होता. त्याच्या हाती देण्याआधी माझ्या इंटेल १२७००के प्रोसेसरवर लावला. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरला १५० वॅटला बांधून टाकलं, रेडिएटरचा पंखा जिथून हवा ओढतो तिथं थर्मामीटर ठेवला (भिंतीवरचा चालत नाही, तो वेगळंच सांगतो) आणि सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी टेस्ट) अर्धा तास फिरवलं. मग तीच पेस्ट, तेच कॅबिनेट, आणि एकामागून एक दुहेरी टॉवर आणि स्वस्त एकेरी टॉवर. खोलीपेक्षा लिक्विड ४१ अंश वर, दुहेरी टॉवर ४३, एकेरी ५२.

म्हणजे लिक्विड दोन अंशांनी जिंकला. पण तेव्हा त्याचे पंखे १८०० आरपीएमवर बोंबलत होते. तिघांचेही पंखे १२००वर आणले आणि दुहेरी टॉवर पुढे गेला. कारण साधं आहे. रेडिएटर २७ मिमी जाड, जाळी दाट, आणि डब्यात आलेले पंखे लेचेपेचे. दाट जाळीतून हवा ढकलायला दाब लागतो, तो त्या पंख्यांना कमी फेऱ्यांवर जमत नाही. चांगले पंखे लावले असते तर चित्र बदललं असतं, पण मग किंमतही बदलली असती. बाकी माल वाईट नव्हता. तांब्याची प्लेट नीट घासलेली, नळ्यांवर विणलेलं आवरण, पंपाचा बारीक गुणगुणाट, तोही रात्रीच ऐकू येणारा. तुमच्या खोलीत डेझर्ट कूलर चालू असताना पंप काय, ढोलताशाही ऐकू यायचा नाही, म्हणून आवाजाचा मुद्दा सोडून देतो.

आता तुमचा प्रोसेसर. ७७००एक्स मुळातच ९५ अंशांपर्यंत चढायला मोकळा सोडलेला आहे. थंडावा शिल्लक दिसला की तो क्लॉक, म्हणजे वेग, वाढवतो आणि परत वर जातो. त्याचे आठही कोर सुमारे ७० चौरस मिमीच्या एका तुकड्यात आहेत, वीज १४२ वॅटपर्यंत, आणि वर एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरचं जाड झाकण. उष्णता अडते ती तिथं, पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच. त्यामुळे १२७००के वर दिसलेला फरक तुमच्याकडे आणखी आखडेल. ९५ दिसले म्हणून घाबरू नका, एक्स्पोर्टच्या वेळी क्लॉक किती टिकतो ते बघा.

आणि मे महिन्याचा हिशोब, जो कुठल्याच व्हिडिओत नसतो. खोली ३७. आत ग्राफिक कार्ड पूर्ण जोरात असलं तर १७० वॅट ओततंय. कॅबिनेटच्या छताला रेडिएटर लावला तर त्याला मिळणारी हवा ४५च्या घरात, पाणी तिच्याहून दहा-बारा अंश वर. पाणी ६० अंशांपलीकडे जाऊ नये असं बहुतेक उत्पादक धरतात. तुम्ही सीझनभर त्या उंबरठ्यावर बसणार. पाणी जितकं गरम तितकं ते नळ्यांच्या भिंतींतून जास्त झिरपतं. थेंब पडत नाहीत, वाफेच्या रूपानं जातं. ते कमी झालं की आत हवा वाढते, आणि ती पंपात शिरली की घरघर सुरू. पुढच्या बाजूला लावला तर रेडिएटरला खोलीची हवा मिळेल, पण ग्राफिक कार्डाला त्याचा उच्छ्वास.

माझं मत: नका घेऊ. आधी फुकटचं करा. बायोसमध्ये इको मोड (वीज कमी खायची सोय) ६५ वॅट निवडा; ६५ हे नावापुरतं, प्रत्यक्षात १४२ वॅटची मर्यादा ८८वर येते. एक्स नसलेला ७७०० याच ८८वर चालतो आणि कामात फार मागे पडत नाही. आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून एक्स्पोर्टच्या वेळचा पीपीटीचा, म्हणजे प्रोसेसर खातो त्या वॅटचा, आकडा इथं टाका. रोगी न बघता औषध लिहायला लावू नका.

बर्डीवरची

नागपूरला बर्डीवर कॉम्प्युटर असेंब्लीचं काम करते. वरच्या हिशोबाशी सहमत, थोडं दुकानाच्या बाजूनं सांगते.

गळण्याची भीती सगळे विचारतात. माझ्याकडे परत येतात त्यातले जवळजवळ सगळे पंप थांबला किंवा आतून चोंदला म्हणून येतात. प्लेटच्या बारीक खाचांत गाळ बसतो. तांब्याची प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात असतात, ते पाणी कसलं भरलंय यावर सगळं अवलंबून. म्हणून कुणी "उघडून नळाचं पाणी भरून देतो" म्हणाला तर तिथून निघा.

गळत नाहीतच असंही नाही. आर्क्टिकसारख्या नावाजलेल्या कंपनीच्या लिक्विड फ्रीझर २ मध्ये गॅस्केटच्या रबरातल्या जास्तीच्या गंधकामुळे तांबं गंजून गळती होऊ शकत होती. २०२२ मध्ये कंपनीनं स्वतः ते जाहीर केलं आणि दुरुस्तीचं किट फुकट दिलं. तुमच्या ५,२०० वाल्याचं असं काही निघालं तर ते जाहीर करायला मागं कोण उभं आहे, हे दुकानदाराला विचारा. आणि गळून बोर्ड किंवा ग्राफिक कार्ड गेलं तर भरून देणार का, हे बिलावर लिहून मागा. नुसतं "तीन साल" ऐकून पैसे देऊ नका. सर्व्हिस सेंटर बहुधा मुंबई नाहीतर दिल्ली, आणि कुरिअर होईपर्यंत ऐन लग्नसराईत मशीन बंद. एअर कूलरचा पंखा गेला तर सहाशे-सातशेचा पंखा संध्याकाळपर्यंत लागतो.

तरी घेतलाच तर: छताखाली रेडिएटर २७ आणि पंखे २५, असे ५२ मिमी बोर्डाच्या वर मोकळे हवेत, रॅमची उंची वेगळी बघा. रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहू द्या, नाहीतर हवा पंपात जमते. एएम५ची मागची प्लेट काढायची नसते, फक्त वरचे प्लास्टिकचे कोन. पंप कायम पूर्ण वेगात, चढउतार पंख्यांना. लाइटची तीन पिनची वायर ५ व्होल्टची असते, ती चार पिनच्या १२ व्होल्टवर दामटली की लाइट तिथंच संपतात.

आणि डेझर्ट कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या मशीनमध्ये जाळीवर पांढरा थर बसलेला मी बघते, ब्लोअरनंही निघत नाही.

ठाणेकर_१४७००के

सगळे एअर कूलरच्या पालखीत दिसताहेत, म्हणून दुसरी बाजू. माझा इंटेल १४७००के प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत जातो. तिथं टॉवर हात टेकतो, ३६० मिमीचा लिक्विडच लागतो. शिवाय वजन बघा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा दुहेरी टॉवर पंख्यांसकट १.३२ किलो आहे. वऱ्हाडी भाऊ लाइव्ह मिक्सिंगसाठी मशीन गाडीत घालून हॉलवर नेत असतील, तर एवढं वजन बोर्डाला लोंबकळत खड्ड्यांतून जाणार. त्यापेक्षा लिक्विड बरा, प्रोसेसरवर फक्त पंप असतो.

मात्र ५,२०० च्या अनोळखी २४० ची वकिली मीही करणार नाही. लिक्विड घ्यायचा तर नीट घ्या.

खटपट्या

@ठाणेकर, २५३ वॅटला वाद नाही. गाडीचा मुद्दाही सोळा आणे बरोबर, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. भाऊ, मशीन फिरतं का?

वऱ्हाडी_एडिटर

मशीन फिरत नाही, हॉलवर लॅपटॉप जातो.

सांगितल्याप्रमाणे एचडब्ल्यूइन्फो लावून बसलो. गंमत दिसली. जुन्या कॅमेऱ्याच्या ८-बिट फुटेजच्या एक्स्पोर्टला प्रोसेसर ७० वॅटच्या आसपास, तापमान ८०च्याही खाली. पार्टनरच्या नव्या कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एच.२६५ टाकलं की १२५-१३० वॅट आणि लगेच ९५. म्हणजे एक्स्पोर्ट सगळे सारखे नाहीत.

मग इको मोड ६५ केला. तेच ४:२:२ वालं प्रोजेक्ट, खोली ३७: तापमान ८२-८३ वर थांबलं. आधी ५२ मिनिटं लागली होती, आता ५५. आहे त्याच दोन हजारी टॉवरवर!

हे ४:२:२चं काय प्रकरण आहे पण?

बर्डीवरची

४:२:२ मध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा जास्त साठवतात. तुमचं ग्राफिक कार्ड ४:२:२ एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) उलगडून देत नाही. आरटीएक्स ३०६० मध्ये ती सोय नाही, एनव्हिडियानं ती ५० सीरिजपासून दिली. ७७००एक्समधल्या ग्राफिक्सलाही जमत नाही. म्हणून सगळा भार कोरवर येतो. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकला (व्हिडिओ उलगडायच्या सोयीला) ते जमतं, त्यामुळे तुमच्या धंद्यातले बरेच जण तिकडे वळलेत. पार्टनरला सांगून बघा, हळदी आणि वरात ४:२:० मध्ये शूट केली तर कुठल्या वधूपित्याला कळणार आहे?

ठाणेकर_१४७००के

हळदीचा पिवळा ४:२:० मध्ये मार खातो हो.

वऱ्हाडी_एडिटर

पार्टनरही हेच म्हणतो, शब्दाला शब्द. 😄

लिक्विड रद्द. आता आहे त्या टॉवरलाच दुसरा पंखा लावायचं डोक्यात आहे. क्लिपांची जोडी डब्यात पडून आहे. फायदा होईल?

खटपट्या

दोन-तीन अंश मिळतील, जास्त आशा नको. दोन्ही पंख्यांचं तोंड एकाच दिशेला हवं, पुढचा ढकलेल, दुसरा टॉवरच्या मागून ओढेल, आणि हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल. दोन्ही वाय केबलनं (एकातून दोन फाटे फुटणारी) सीपीयू फॅन हेडरवर, म्हणजे बोर्डावरच्या पंख्याच्या पिनांवर, चालतील. हेडर साधारण १ अँपिअरचा असतो, पंख्यांच्या स्टिकरवरच्या अँपिअरची बेरीज त्याच्या आत बसते का तेवढं बघा. आणि लावायच्या आधी टॉवरची जाळी ब्रशनं झाडून घ्या. डेझर्ट कूलरचा झोत कुठं येतो तेही सांगा.

वऱ्हाडी_एडिटर

झोत सरळ कॅबिनेटवरच येत होता. आज कॅबिनेट दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. जाळीचा फोटो टाकत नाही, बर्डीवरच्या ताई रागावतील.