मदत हवी आहे: लाकडी ठोकळ्यांचा मनोरा (जेंगासारखा) नक्की खेळायचा कसा?

अर्धाकपचहा

नमस्कार मंडळी, मुलीच्या वाढदिवसाला कुणीतरी तो लाकडी ठोकळे काढून वर रचायचा गेम दिलाय, जेंगासारखाच पण जेंगा नाही, बॉक्सवर नुसतं वूडन टंबलिंग टॉवर असं लिहिलंय. आत ४८ ठोकळे, प्रत्येकावर १ ते ४८ आकडे छापलेले, चार फासे आणि एक इवलीशी लाकडी हातोडी. नियमांचा कागद म्हणून जो निघाला त्यावर एक फोटो आणि चार ओळी, त्याही चिनीत.

आता सुट्टीत घर भरलंय, पोरं सात ते तेरा वयाची, शिवाय माझे सासरे, त्यांनाही खेळायचंय पण त्यांचे हात जरा थरथरतात. रोज भांडणं होतायत कारण प्रत्येकाचे नियम वेगळे. धाकटी म्हणते हात लावला की तोच काढायचा, मोठा म्हणतो चाचपून बघायला काय हरकत आहे. पुतण्या सरळ दोन्ही हातांनी मनोरा धरून ठेवतो. आणि सगळ्यात वरचाच ठोकळा उचलून परत वरच ठेवणारे महाभागही आहेत आमच्यात!

तर प्रश्न असे की खरे नियम काय, हरतो कोण आणि जिंकतो कोण, त्या फाशांचं आणि हातोडीचं काय करायचं, आणि आमचा मनोरा दोन राउंडमध्येच का कोसळतो. काही ठोकळे एवढे घट्ट बसलेत की हलतच नाहीत, त्यांना कॅरमची पावडर लावली तर चालेल का? यूट्यूबवर बघितलं, तिथे सगळे नुसते जिंकतायत, कसं ते कुणी सांगत नाही.

---

पटावरची_सोंगटी

आधी फासे आणि हातोडी कपाटात ठेवा, त्यांच्याकडे नंतर बघू. मूळ खेळात दोन्ही नाहीत.

मूळ जेंगात ५४ ठोकळे असतात, एका थरात तीन, असे १८ थर. तुमचे ४८ म्हणजे १६ थर होतील, काही फरक पडत नाही. एक थर उभा तर पुढचा आडवा, असं काटकोनात रचत जायचं. रचून झालं की चारही बाजूंनी फूटपट्टी किंवा जाड पुस्तक लावून हलकेच दाबून सरळ करून घ्या, ही पायरी पोरं हमखास गाळतात आणि मग मनोरा सुरुवातीपासूनच तिरका असतो.

खेळ असा. आपली पाळी आली की कुठल्यातरी खालच्या थरातून एक ठोकळा काढायचा आणि सगळ्यात वर ठेवायचा, वरच्या थरात तीन पूर्ण झाले की त्यावर काटकोनात नवा थर सुरू. काढायचा कुठून, तर वरून जो पूर्ण भरलेला पहिला थर आहे त्याच्या खालून. म्हणजे वरचा अर्धवट थर आणि त्याच्या लगेच खालचा पूर्ण थर या दोन्हींना हात लावायचा नाही, तुमच्या महाभागांचा प्रश्न मिटला.

एका वेळी एकच हात. हात बदलला तर चालतं, पण दोन्ही एकदम मनोऱ्याला लागता कामा नयेत, तेव्हा पुतण्या बाद. चाचपून बघायला मात्र पूर्ण परवानगी आहे, धाकटीला सांगा दादाचं बरोबर आहे. फक्त चाचपताना एखादा जागचा हलला आणि तो काढायचा नसेल तर एकाच हाताने परत जागेवर बसवायचा आणि मगच दुसरीकडे जायचं. ठोकळा वर ठेवल्यावर दहा सेकंद थांबायचं, किंवा पुढच्याने हात लावला की तुमची पाळी संपली. हे दहा सेकंद फार कामाचे, कारण बरेचदा मनोरा पाचव्या सेकंदाला जातो आणि मग कुणामुळे पडला यावर अर्धा तास!

ज्याच्या पाळीत मनोरा पडला तो हरला. काढत असलेला ठोकळा सोडून दुसरा एखादा जरी खाली पडला तरी खेळ संपतो. त्याच्या आधी ज्याने शेवटचा ठोकळा नीट ठेवला तो जिंकला.

---

सुतारपक्षी

वरच्या प्रतिसादाला +१. घट्ट आणि सैल का असतात ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की अर्धा खेळ जमतो.

ठोकळे दिसायला सारखे असले तरी अगदी सारखे नसतात, कापताना केसभर फरक राहतोच. एका थरातले तीन घेतले तर त्यातला जो केसभर जाड त्याच्यावर वरचं सगळं वजन येतं, बाकीचे नुसते उभे. म्हणजे मधला जाड असेल तर कडेचे दोन्ही सैल मिळतात, कडेचे जाड असतील तर मधला अलगद सरकतो. म्हणून प्रत्येक थराला आधी बोटाने टिचकी मारून बघायचं, ज्यावर भार नाही तो लगेच कळतो. आणि एकदा बघितलं म्हणजे झालं असं नाही हां, दर ठोकळ्यागणिक मनोरा थोडा कलतो, भार इकडचा तिकडे जातो, मघाशी घट्ट असलेला आता सैल होतो आणि उलटंही.

घट्ट ठोकळ्याशी कुस्ती खेळायची नाही. सोडून द्यायचा.

मधला काढताना एका टोकाकडून एका बोटाने सरळ ढकला, दुसऱ्या बाजूला दोनेक सेंटिमीटर बाहेर आला की तिकडून चिमटीत धरून ओढा. कडेचा असेल तर टोकांना आळीपाळीने अगदी थोडं थोडं हलवत बाहेर आणायचा, झटका नको. नजर बोटाकडे नाही, मनोऱ्याच्या डोक्याकडे ठेवा, डोकं हललं की थांबा.

पावडरीबद्दल: अजिबात नको. ती सगळीकडे सारखी लागत नाही त्यामुळे काही ठोकळे बर्फासारखे घसरतात आणि काही तसेच, मग अंदाजच येत नाही. शिवाय कॅरमची पावडर बरेचदा बोरिक असते, सात वर्षांच्या पोराच्या हातातोंडाशी ती कशाला. लाकूड पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं, जाडीरुंदीत जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गेम हमखास घट्ट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका (पोरांच्या हाती लागू देऊ नका). एखाद्याला धस लागत असेल तर बारीक पॉलिश पेपर फक्त कडांवरून फिरवा, सपाट बाजूंना नको, नाहीतर तो एकच ठोकळा कायमचा सैल होईल आणि पोरं तो पाठ करून ठेवतील.

---

वजाबाकी

एका थरातून जास्तीत जास्त किती निघू शकतात हे बघा, इथेच डावपेच आहेत. आधी मधला काढलात तर त्या थरात दोन कडेचे उरतात आणि आता त्यातला एकही काढता येत नाही, कारण एका कडेच्या ठोकळ्यावर मनोरा उभा राहत नाही. म्हणजे थर एकातच संपला. पण आधी कडेचा काढला तर नंतर दुसऱ्या कडेचाही काढता येतो, एकटा मधला बिचारा सगळं पेलून धरतो. म्हणजे दोन निघाले. तेव्हा मधला काढायचा की कडेचा यावर पुढच्याला किती चाली शिल्लक राहतात ते ठरतं. चाली संपत आल्या की ज्याच्यावर पाळी येते त्याला मरणाचा ठोकळा काढावा लागतो.

ऊरी झ्विक नावाच्या इस्रायली कॉम्प्युटर सायंटिस्टने २००२ मध्ये यावर चक्क पेपर लिहिलाय, दोन खेळाडू, दोघांचेही हात दगडासारखे स्थिर आणि दोघेही अचूक खेळतायत असं धरून. उत्तर थरांच्या संख्येवर अवलंबून आहे. १८ थरांच्या मूळ खेळात दुसरा खेळणारा जिंकतो. तुमच्या १६ थरांत मात्र पहिला! तेव्हा दोघंच खेळणार असाल तर टॉस जिंका :) अर्थात खऱ्या हातांनी खेळताना या गणिताला कुणी विचारत नाही.

---

अर्धाकपचहा

वा, केवढे प्रतिसाद! म्हणजे आम्ही सगळे आधी मधलेच काढत होतो, सोपे वाटतात म्हणून, आणि दोन राउंडनंतर जागाच उरत नव्हती. मग फाशांचं काय आता? आणि सासऱ्यांचं?

---

पटावरची_सोंगटी

फासे म्हणजे या लोकल सेटवाल्यांची भर. फासे टाकायचे आणि तो आकडा ज्या ठोकळ्यावर आहे तोच काढायचा, घट्ट असला तरी, अशी साधारण कल्पना. पण चार फाशांची बेरीज ४ ते २४ मध्येच येते, म्हणजे २५ ते ४८ वाल्यांना कुणी विचारतच नाही आणि १४ च्या आसपासचे सारखे येत राहतात. आमच्याकडे दोन वेगळ्या रंगांचे फासे घेतो, एक दशक, एक एकक, ३ आणि ५ आले तर पस्तीस. तरीही सगळे आकडे येत नाहीतच, पण निदान विखुरलेले येतात. पन्नाशी-साठीचा आकडा आला, तो ठोकळा आधीच वर गेलेला असला, किंवा काढता येणार नाही अशा थरात असला तर परत टाका. हे सगळं घरगुती आहे हां, खरा नियम म्हणून कुणाला सांगू नका. पोरं साध्या खेळाला कंटाळली की मगच फासे काढा.

हातोडी टिचकी मारायला बरी, लहानांची बोटं आत पोचत नाहीत तिथे. हातोडीवाल्याचा दुसरा हात पाठीमागे!

---

चहावेडी_ताई

आजोबांसाठी: मनगट टेबलावर टेकवून खेळू द्या, थरथर बरीच कमी होते. माझे वडील तसंच खेळायचे आणि सगळ्यांना हरवायचे. खालचे थर टेबलाजवळ असतात ते त्यांना सोपे जातात. वर ठेवायची वेळ आली की नातवंडाने ठेवायचा, आजोबांनी फक्त कुठे ते सांगायचं, अशी जोडी लावा. दहीहंडीत नाही का खालच्या थरात थोराड आणि वर बारकी पोरं.

आणि ठेवताना कुठे ठेवायचा यावर कुणी बोललं नाही वर. मनोरा ज्या बाजूला कललाय त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा, म्हणजे तोल सावरतो. पुढच्याला अडचणीत आणायचं असेल तर कललेल्या बाजूलाच ठेवा, पण मग दहा सेकंद देवाचं नाव घ्या.

काचेच्या टीपॉयवर खेळू नका, ओरखडे पडतात. आम्ही फरशीवर खेळतो, सतरंजी किंवा गादीवर मनोरा स्थिर राहत नाही, कुणी कूस बदलली तरी गेला. फक्त फरशीवर रात्री अकरा वाजता अठ्ठेचाळीस ठोकळे कोसळले की खालच्या मजल्यावरून फोन येतो, तेव्हा मनोरा फरशीवर आणि भोवती जुनी चादर, मधे मोकळी जागा ठेवून.

---

सुतारपक्षी

अवांतर, पण पोरांना सांगायला मजा येईल. हा खेळ लेस्ली स्कॉट या बाईंनी १९८३ मध्ये लंडनच्या टॉय फेअरमध्ये आणला. त्यांचं बालपण आफ्रिकेत गेलं, आणि घानात ताकोराडीच्या लाकडाच्या वखारीतून आणलेल्या ठोकळ्यांशी घरातली मंडळी खेळायची त्यातून हे निघालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी एका रोबोला जेंगा शिकवला, तोही आधी हळूच ढकलून बघतो, किती जोर लागला ते मोजतो आणि मग ठरवतो की हा काढायचा की सोडायचा. म्हणजे मोठ्याचं चाचपणं अगदी शास्त्रशुद्ध आहे.

---

अर्धाकपचहा

धन्यवाद सगळ्यांना, प्रिंट काढून बॉक्समध्येच ठेवते. शेवटचा प्रश्न, एक ठोकळा आत्ताच सोफ्याखाली गेलाय आणि सापडत नाहीये. ४७ वर चालेल का?

---

वजाबाकी

अजून दोन बाजूला काढा, ४५ चे १५ थर रचा. फक्त आता जिंकायचं असेल तर टॉस हरा, १५ थरांत पुन्हा दुसरा खेळणारा जिंकतो.

---

चहावेडी_ताई

आणि सोफा पुढे ओढून बघा, आमचे तिथे तीन सापडले होते आणि एक रिमोट.