घातक विचारांची विज्ञानकथा: ‘वाचली’ की ‘ऐकली’?

प्रश्न: एखादी गोष्ट नुसती कळली तरी माणसाचं वाटोळं होतं, अशा विज्ञानकथा सध्या हेडफोनवर चालू आहेत. अशा विचाराला मराठीत काय म्हणावं? ‘जहाल’ चालेल का? आणि ऑडिओबुक संपल्यावर ‘वाचलं’ म्हणायचं की ‘ऐकलं’?

— ‘जहाल’ नको, लगेच मवाळ आठवतात. ‘स्फोटक’ वर्तमानपत्रांनी झिजवलाय. या कथांतला विचार पटावा लागत नाही, डोक्यात शिरला की पुरे. म्हणून ‘विचाराची लागण’. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली डोक्यातून डोक्यात पसरणाऱ्या कल्पनेसाठी ‘मीम’ शब्द काढला तोही जनुकाच्या धर्तीवर. तसा डोक्याला भुंगा आपल्याही लागतोच.

— लागण सगळीकडे बसत नाही. डेव्हिड लँगफर्डच्या ‘ब्लिट’ या कथेमध्ये (१९८८) चित्र पाहणारा जिवाला मुकतो. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हा सरळ नजरेतून घात. (त्या चित्राला ‘पोपट’ म्हणतात, आता मराठी माणसाने गंभीर कसं राहायचं?) नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीमध्ये (१९९२) चित्राच्या जोडीला सुमेरी भाषेतले उच्चार आहेत, त्यांना ‘मंत्र’ चपखल. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रमने २०११च्या लेखात अशा माहितीच्या धोक्यांचे प्रकार पाडलेत. पण ‘माहिती-धोका’ बोलताना कोण म्हणणार? मी सरसकट ‘घातक ज्ञान’ म्हणतो.

— दुसऱ्या शंकेबद्दल. ‘वाचणे’च्या मुळाशी ‘वच्’, म्हणजे बोलणे. पोथी एकजण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. तेव्हा वाचन निवेदकाचं, श्रवण तुमचं. ‘ऐकलं’ म्हणण्यात कमीपणा कसला? फरक मात्र पडतो. अशा काही कथांत छापील पानात घातक शब्दावर काळी पट्टी असते. डोळा अडखळतो, मागे जातो, पट्टीच्या लांबीवरून शब्द ताडू बघतो. निवेदकाने काय करावं? नुसता थांबला तर फाइल अडकली वाटतं. ‘मजकूर वगळला आहे’ म्हणाला की भीती जाऊन सरकारी परिपत्रक सुरू.

प्रश्नकर्ता: पटलं, ‘ऐकलं’च म्हणेन. त्या पट्टीखालच्या मजकुराला ‘गाळलेला’ म्हणू?

— गाळलेला म्हणजे मुळात छापलाच नाही. खोडलेला म्हणजे चूक दुरुस्त केली. इथे मजकूर आहे, फक्त दिसू दिलेला नाही. ‘झाकलेला’ म्हणा.