१८-५५ च्या जोडीला वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य मावणारी) कुठली घेऊ? टोकिना ११-१६ की निकॉन १०-२०?

भटक्या_खेड:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स (एएफ-पी म्हणजे आतल्या मोटरने फोकस होणारी, व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी) आणि नंतर घेतलेली ७०-३००. लांबचं काय काढायचं ते ७०-३०० निभावते, अडतंय ते दुसऱ्या टोकाला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेलं की १८ ला लावूनसुद्धा कड्याची ती अर्धगोल वाटी मावत नाही, डावं टोक घेतलं की उजवं बाहेर जातं. रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंडपात तर मागे सरकून सरकून पाठ खांबाला लागते तरी समोरचं पूर्ण येत नाही. शिवाय मामाने गुहागरला होमस्टे सुरू केलाय, त्याच्या खोल्यांचे फोटो काढून द्यायचेत, आणि मे महिन्यात गडावर मुक्काम करून आकाशगंगा काढायची फार दिवसांची इच्छा आहे.
दोन लेन्स डोक्यात आहेत. एक निकॉनची एएफ-पी १०-२० एफ ४.५-५.६ व्हीआर आणि दुसरी टोकिना ११-१६ एफ २.८ (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), ही पुण्यात एकाकडे सेकंडहँड आहे, तो म्हणतो कुठल्याही निकॉनवर चालते. माझा गोंधळ असा की टोकिना घेतली तर १६ ते १८ मध्ये गॅप राहते आणि १०-२० घेतली तर १८ ते २० दोन्हीकडे डबल होतं. आणि २.८ चा खरंच किती फरक पडतो? पैसे एकदाच घालायचेत, नंतर परत विकाविकी नको. जाणकारांनी सांगा.

सह्यकडा:
गॅपचं टेन्शन आधी डोक्यातून काढून टाक भाऊ. १६ आणि १८ मधला फरक म्हणजे एक पाऊल पुढे टाकायचं, बास. वाइडच्या बाजूला खाली खाली जाशील तसा एकेक मिलिमीटर महागात जातो हे लक्षात ठेव. तुझ्या बॉडीवर १८ ला तिरका कोन (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) साधारण ७६ अंश मिळतो, ११ ला १०४ आणि १० ला १०९. म्हणजे वरची दोन मिमी गेली काय नि राहिली काय, खालचं एक मात्र दिसतं.
आणि त्या विक्रेत्याला सरळ विचार की ही टोकिना पहिली आवृत्ती आहे की नंतरची डीएक्स-२. पहिल्या आवृत्तीच्या निकॉन माउंटमध्ये फोकसची मोटर नाहीये आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही, त्यामुळे ऑटोफोकस चालणारच नाही, सगळं हाताने फिरवत बसावं लागेल. "कुठल्याही निकॉनवर चालते" हे डी७२०० सारख्या मोटर असलेल्या बॉडीवर खरं, तुझ्याकडे नाही. डीएक्स-२ मध्ये मोटर दिलीय. बॅरलवर तसं लिहिलंय का बघून घे, बोलण्यावर जाऊ नकोस.
माझं मत विचारशील तर निकॉन १०-२०. वजन २३० ग्रॅम, टोकिना साडेपाचशेच्या घरात. सॅकमध्ये पाणी, डबा, स्लीपिंग बॅग असताना नळीच्या वाटेने (कोकणकड्याकडे चढणारी अवघड वाट) चढून बघ म्हणजे हा आकडा कागदावरचा नाही ते कळेल. शिवाय डी५६०० ची बॉडीच मुळात हलकी, तिला टोकिना लावली की नाक खाली करते.

काचबिंदू:
वजनाचं मान्य, पण प्रश्नात आकाशगंगा लिहिलीय ती सोयीस्कर विसरलास राव 😀
भटक्या, हिशोब बघ. एफ २.८ ला एफ ४.५ पेक्षा अडीच पटीहून जास्त प्रकाश येतो. मी टोकिनावर ११ ला, २.८, २० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० असं ठेवतो. तेच १०-२० वर करायला गेलास तर आयएसओ ८००० च्या आसपास न्यावा लागेल, आणि डी५६०० वर ८००० म्हणजे तारे कुठले आणि नॉइज (फोटोतले दाणे) कुठला हे शोधत बसायचं. सेकंद वाढवून भागत नाही कारण मग तारे लांबट व्हायला लागतात.
दुसरं म्हणजे फोकस. टोकिनाची रिंग मागे ओढली की मॅन्युअल, पुढे ढकलली की ऑटो, आणि अंतराची पट्टी काचेखाली दिसते, अंधारात टॉर्च मारून अनंताच्या जवळ आणता येतं, मग लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) तारा मोठा करून शेवटचं बारीक जुळवायचं. १०-२० वर पट्टीच नाही, सगळं लाइव्ह व्ह्यूवरच. होत नाही असं नाही, पण रात्री दोन वाजता गार वाऱ्यात बोटं आखडलेली असताना चिडचिड होते.
टोकिनाचे दोषही सांगून ठेवतो. सूर्य फ्रेममध्ये किंवा कडेला आला की फ्लेअर (उजेडाचे डाग) येतो, चांगलाच येतो. फांद्या, कड्याची धार अशा ठिकाणी आकाशालगत जांभळी किनार दिसते, ती सॉफ्टवेअरमध्ये जाते बऱ्यापैकी. आणि ११-१६ हा झूम म्हणायला झूम आहे, मी ती ११ वरून हलवतच नाही जवळजवळ.

रीळवाला:
दोघांचंही बरोबर आहे पण घाई करू नका. आधी एक फुकटचं काम करा. संगणकावर तुमच्या ट्रेकचे फोल्डर उघडा, डिटेल्स व्ह्यूमध्ये फोकल लेंग्थचा कॉलम लावा आणि १८ वाले फोटो वेगळे काढा. मग त्यातले एकेक बघा आणि स्वतःला विचारा, इथे मला काय कमी पडलं होतं? बाजूला जास्त हवं होतं, की जवळचं काहीतरी मोठं हवं होतं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात कोणी सांगत नाही.
बाजूला जास्त हवं असेल, म्हणजे तुमचा कोकणकडा, तर त्याला लेन्स लागतच नाही. कॅमेरा उभा धरा, १८ नको २४ च्या आसपास ठेवा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, आणि डावीकडून उजवीकडे सात-आठ फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्या. घरी येऊन ह्युगिन या सॉफ्टवेअरमध्ये जोडा, ते फुकट आहे. कडा भरभक्कम दिसतो. तोच १० मिमीला एका फोटोत घ्याल तर मावेल खरा, पण समोरचा कडा पार मागे जाऊन बुटका होईल, खाली अर्धा फोटो नुसता कातळ आणि वर अर्धा नुसतं आभाळ. वाइड घेतलेल्या निम्म्या लोकांची पहिली तक्रार हीच असते की "सगळं आलं पण काहीच दिसत नाही".
देवळाच्या मंडपात मात्र हे जोडकाम फसतं. खांब हातभर अंतरावर असतात, कॅमेरा जरा हलला की जवळचा खांब आणि मागची भिंत एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे वाइडच पाहिजे.
आणि ताऱ्यांसाठी एक गंमत. तुमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, १८ ला एफ ३.५ देते. म्हणजे १०-२० च्या ४.५ पेक्षा पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड तिच्यातच जास्त आहे. या मेमध्ये तीच ट्रायपॉडवर लावा, १५ ते १८ सेकंद, आयएसओ ३२०० किंवा ६४००. ते बघून मग ठरवा तुम्हाला ताऱ्यांचं वेड खरंच किती आहे.

भटक्या_खेड:
रीळवाला काका, कॉलम लावून बघितला. बहुतेक गडाचे फोटो १८ वरच आहेत, पण तुम्ही म्हणता तसं एकेक बघत गेलो तर निम्म्यांत बाजूला कमी पडलेलं आणि बाकीच्यांत खोल्या, मंडप, गुहा अशी जागाच नसलेली ठिकाणं. कार्ल्याच्या चैत्यात तर सगळेच १८. जवळचं मोठं हवं होतं असे फारच थोडे, पण ते बहुतेक मला सुचलंच नसावं. त्यावर जरा लिहा ना कोणीतरी.

मावळती:
यावर मी लिहिते, कारण मी १०-२० वापरते आणि ती मला आवडते ती याच कामासाठी.
वाइडने मोठं दृश्य काढायचं हे डोक्यातून जायला वेळ लागतो. वाइड घेऊन वस्तूच्या अंगावर जायचं असतं. १०-२० साधारण २२ सेंमीपर्यंत जवळ फोकस करते, टोकिना ३० सेंमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सप्टेंबरात वाटेच्या कडेला सोनकी फुललेली असते, तिच्यासमोर कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून १० मिमीला घेतलं तर एक फूल हाताएवढं, त्यामागे पिवळा पट्टा आणि त्याच्यामागे गड. १८ ला हाच फोटो घेतला की फूल आणि गड यांतलं एक काहीतरी सोडावं लागतं. (कासला हे करताना पायवाट न सोडता करा प्लीज, फुलांत झोपून फोटो काढणारे बघितले की डोकं फिरतं.)
फोकसचं सोपं आहे. १० मिमी, एफ ८, मीटरभर अंतरावरच्या दगडावर फोकस केलं की साधारण ४० सेंमीपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं शार्प. १८ ला एवढी मुभा मिळत नाही.
देवळं आणि लेण्यांत व्हीआर फार कामाला येतो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या ठिकाणी ट्रायपॉडला परवानगी लागते, आयत्या वेळी कोणी देत नाही, तिथे हातात धरून १/८ सेकंद सुटतो तो व्हीआरमुळे. टोकिनामध्ये व्हीआर नाही. माणसं हलतात तिथे त्याचा उपयोग नाही पण खांब कुठे हलतात. म्हणजे दिवसा अंधाऱ्या मंडपात १०-२० पुढे आणि रात्री आकाशाखाली टोकिना, असं आहे ते.
आणि कॅमेरा वर तिरका करू नका, खांब आत पडल्यासारखे दिसतात. लाइव्ह व्ह्यूवर ग्रिड लावा, कॅमेरा सपाट धरा, वरती कमी पडलं तर उभा फोटो घ्या. सिन्नरच्या गोंदेश्वराला शिखर घ्यायच्या नादात सगळे कॅमेरा वर करतात आणि देऊळ मागे कललेलं दिसतं. तिथे आवारात मागे जायला भरपूर जागा आहे, तिथे १८-५५ च लावा.
मामांच्या खोल्यांसाठी एक विनंती. १० ला काढू नका. १४-१५ ला दाराच्या कोपऱ्यातून, कॅमेरा छातीपेक्षा जरा खाली धरून. १० ला कॉट खेळपट्टीएवढी लांब दिसते, आणि मग गिऱ्हाईक आल्यावर मामांना बोलणी खावी लागतात. फोटोत कडेला माणूस तर उभाच करू नका, डोकं दुधीभोपळ्यासारखं ताणलं जातं.

सह्यकडा:
मावळती ताईंना +१.
एक जीवाशी खेळणारी गोष्ट राहिली, कड्यावर वाइडमधून बघताना पायाखालची धार आहे त्यापेक्षा लांब दिसते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही टाकू नका. कोकणकड्यावर पोटावर झोपा, पट्टा गळ्यात, मागे कोणीतरी पाय धरायला, आणि फ्रेम बदलायची तर आधी डोळा काढायचा मग हलायचं.

काचबिंदू:
सेकंडहँडच घेणार असशील, कुठलीही, तर दिवसा जा. मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका मार, समोरून बघ. धुळीचे दोन-चार कण असू देत, त्याने काही होत नाही. पण कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी, ठेवून ये. कोकण-मुंबईकडच्या वापरलेल्या लेन्सवर हे हमखास बघायचं. मग समोरची विटांची भिंत अगदी सरळ उभं राहून ११ ला, एफ ४ वर काढ आणि चारी कोपरे स्क्रीनवर मोठे करून बघ. चारी सारखेच मऊ असतील तर चालेल, एकच कोपरा गेलेला असेल तर आतली काच सरकलीय. विक्रेता घाई करायला लागला की समजून जायचं.
फिल्टरचंही धर. किटला ५५ मिमी लागतो, १०-२० ला ७२ आणि टोकिनाला ७७. जुने फिल्टर जाणार नाहीत. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) तर वाइडवर घेऊच नकोस, आभाळ मध्ये काळं नि कडेला फिकं असं पट्टेदार येतं.

पाऊसवेडी_सातारा:
मध्येच विचारते, माझ्याकडे निकॉन डी५१०० आहे जुना, मलाही ही १०-२० चालेल का? आणि भावाकडे कॅनन २००डी आहे त्याला काय?

मावळती:
डी५१०० ला नाही चालणार, एएफ-पी लेन्स डी३१००, डी५१००, डी७०००, डी९० या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत, मॅन्युअलही नाही कारण रिंग सुद्धा मोटरवरच चालते. तुम्हाला टोकिना डीएक्स-२ किंवा सिग्माची १०-२० बघावी लागेल. भावाला कॅननची १०-१८ एसटीएम डोळे झाकून घ्यायला सांगा, २४० ग्रॅमची आहे आणि त्यात स्टॅबिलायझर आहे.

भटक्या_खेड:
ठरलं मग. पुण्याच्या माणसाला फोन केला, पहिलीच आवृत्ती निघाली, "फोकस हाताने करायला काय होतंय" म्हणाला. त्यामुळे टोकिनाचा विषय तिथेच संपला. १०-२० घेतोय, तारे या मेमध्ये किटवरच काढीन, आणि पुढेमागे मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतलाच तर निकॉनच्या ॲडॉप्टरवर एएफ-पी ऑटोफोकस करते असं वाचलंय, ते बरोबर ना?

काचबिंदू:
त्या एफटीझेड ॲडॉप्टरवर करते, हो. तारे किटवर जमले नाहीत तर माझी टोकिना घेऊन जा एका मुक्कामाला, डीएक्स-२ आहे. खेडहून चाकण काही लांब नाही. फक्त पुढचं झाकण हरवू नकोस, आधीच एक रतनगडावरून खाली गेलंय.

रीळवाला:
माझ्या मते पावसाळा संपेपर्यंत थांबून घ्या, जुलै-ऑगस्टात नवी लेन्स आणून सॅकमध्ये ओली करण्यात अर्थ नाही. तोवर कोकणकड्याचं जोडकाम करून इथे टाका, बघू.