बायोडेट्यात एच-इंडेक्स: संशोधक मोजायचा कशानं?

तेरणाकाठचा :
भाचीसाठी स्थळ आलंय. मुलगा कॅन्सरवर संशोधन करतो. बायोडेट्यात उंची, रक्तगट, गावाकडची शेती आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'पेपर ४१, एच-इंडेक्स १९'. मेव्हणे विचारायलेत, हे पॅकेजसारखं असतंय का? म्हटलं, ज्याच्या १९ पेपरांचा प्रत्येकी किमान १९ वेळा इतरांनी संदर्भ दिलाय, त्याचा एच-इंडेक्स १९. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये काढलेलं माप. 'म्हणजे मार्कच की!'

मला हे माप पटत नाही, आणि कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मंडळींनी इथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका अभ्यासात घेतल्या. गावांचे ५२ गट पाडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, दुसऱ्यात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावून डोळ्यांनी पाहणी, म्हणजे व्हीआयए. चौथ्यात तपासणीच नाही. आठ वर्षांनी हिशेब केला तर एचपीव्हीच्या भागात या कॅन्सरचे ३४ मृत्यू, चौथ्या भागात ६४. बायकांची संख्या दोन्हीकडं साधारण सारखीच. एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पेपर आला. २०२१ मध्ये डब्ल्यूएचओनं पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा म्हणून जगाला सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात आपल्या आयाबहिणी आहेत.

एच-इंडेक्समध्ये हा पेपर किती धरायचा? एक. वीसदा उल्लेख झालेला कुठलाही पेपर, तोही एकच!

प्रयोगशाळेतली :
काका, तुम्ही डोंगर दाखवून रानाला नावं ठेवताय. असा अभ्यास पिढीत एखादा होतो. बाकीचं काम विटा रचण्याचं. जीवशास्त्रज्ञ कमल रणदिव्यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, कॅन्सर आणि कुष्ठरोगावर दोनशेच्या वर पेपर लिहिले. त्यातला कुठला फेकायचा, सांगा बरं.

आणि आकडे कुणाला लागतात तेही बघा. मी घरातली पहिली शिकलेली. एका मुलाखतीत अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला, 'गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?' विषयाचं नंतर. माझ्या हातात पेपरांची छापील यादी तेवढी होती. आकडा काढून टाकलात की मागं ओळखच उरते, आणि ती आमच्याकडं नाही.

हळदवाला, वसमत :
ताईचं खरंय, पण यादी तरी खरी पाहिजे ना. आमच्याकडं दर हंगामात कुणीतरी सांगतंच, हळदीनं कॅन्सर बरा होतो, अमेरिकेत पेपर निघालेत. पोराला शोधायला लावलं. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो पेपर आहेत. तिथल्याच एका नामांकित संशोधकाचे डझनाहून जास्त पेपर मागं घ्यावे लागलेत. २०१७ चा एक आढावा म्हणतो, १२० च्या वर चाचण्या झाल्या, पण रुग्ण-डॉक्टर दोघांनाही खरं औषध कुठलं ते माहीत नसलेल्या कसोटीत एकही उतरली नाही. हे रसायन टिकत नाही अन् अंगातही नीट शोषलं जात नाही. हे सांगण्यात तोटा माझाच, कर्क्युमिनचा टक्का सांगूनच आम्ही भाव मागतो.

आकडेमोड :
तेरणाकाठचे, तपासणी न केलेल्या चौथ्या भागावरून फार चटकन पुढं गेलात. एकतीस हजारांवर बायका. त्यांना तपासणी कुठं मिळेल एवढं सांगितलं आणि नेहमीच्या दवाखान्यावर सोडलं. यावरून नंतर बराच वाद झाला. तेव्हा खेड्यात तपासणी नव्हतीच, मग काढून काय घेतलं, असा बचाव होतो. मला तो अर्धाच पटतो.

दुसरं, उस्मानाबादेत व्हीआयएनं मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, पण मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्याच अभ्यासात तिनं मृत्यू ३१ टक्के कमी झाले. केंद्राच्या २०१६ च्या कार्यक्रमात व्हीआयएच आहे. तुमचा डोंगर जगाला दिसला, आपल्या उपकेंद्रात मात्र अजून व्हिनेगरच. मग 'प्रभाव' नेमका कुठं मोजायचा?

तेरणाकाठचा :
पुढं गेलो, कबूल. मुद्दाम गेलो.

त्या वर्षांत आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावी, जीप आली होती. बायका शाळेच्या व्हरांड्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आई पण. आत्याच्या सासरी, ओढ्यापलीकडं, जीप आली नाही. ते गाव चौथ्या भागात होतं की अभ्यासाबाहेर, आम्हाला कधी कळलं नाही. आत्या २००६ मध्ये गेली, याच दुखण्यानं. पेपरातला ६४ चा आकडा आला की माझी नजर तिथं थांबतीच.

तरी तो पेपर मी मोठाच मानतो. दोन्ही एकदम कसं मानता, विचारू नका.

प्रयोगशाळेतली :
नाही विचारत. स्थळाचं काय झालं?

तेरणाकाठचा :
मुलाला फोन लावला. ४१ पैकी किती पेपरात प्रयोग तुझ्या हातचा? थोडा थांबला, मग म्हणाला, नऊ. मेव्हण्यांचं तोंड उतरलं. भाची म्हणतेय, रविवारी येऊ द्या.