विषय: शुक्रवारची मैफल आणि फ्रीमाँटमधून (कॅलिफोर्निया) जाणाऱ्या ६८० फ्रीवेवरचे दोन ‘मिशन बुलेवार्ड’

सप्रेम नमस्कार.
मैफलीच्या निमंत्रणात ‘६८० वरून मिशन बुलेवार्डला उतरावे’ एवढेच लिहिले आहे. परंतु दक्षिणेकडून येताना त्या नावाचे दोन एक्झिट लागतात. नेमका कोणता घ्यावा, ते कृपया कळवावे. आम्ही सनीवेलहून ऑफिस सुटल्यावर थेट निघणार आहोत.
एक सभासद, सनीवेल

सस्नेह नमस्कार.
आपली शंका रास्त आहे. मिल्पिटासकडून येताना पहिला लागतो तो १२ क्रमांकाचा, म्हणजे राज्यमार्ग २६२ चा. आपल्याला हवा तो १६ क्रमांकाचा, राज्यमार्ग २३८ चा. रस्ता मात्र एकच आहे. २६२ पाशी तो फ्रीवे ओलांडून पूर्वेला जातो, मिशन पीकच्या पायथ्याने ओलोनी कॉलेजवरून मिशन सॅन होजेत येतो आणि पुढे २३८ होऊन पुन्हा ६८० ला मिळतो. त्यामुळे आधी उतरलात तरी वाट चुकणार नाही, पण शुक्रवारी सायंकाळी अडकाल हे नक्की.

८८० आणि ६८० हे दोन फ्रीवे इथे एकमेकांच्या इतके जवळ येऊनही त्यांना थेट जोडणारा इंटरचेंज नाही. मधला दुवा म्हणजे हा जेमतेम मैलभराचा २६२, आणि त्यावर वॉर्म स्प्रिंग्स बुलेवार्डसारखे सिग्नल. सिलिकॉन व्हॅलीतून सुनोलचा घाट चढून ट्रेसी, माउंटन हाउसकडे परतणारी सगळी गर्दी त्या सिग्नलांवर तुंबते. मग नकाशाचे अ‍ॅप गाड्यांना वस्तीतल्या रस्त्यांत घुसवते, म्हणून फ्रीमाँट शहराने काही ठिकाणी सायंकाळी वळण्यास मनाई केली आहे. अ‍ॅप काहीही सांगो, आधी पाटी वाचावी.

आपण सनीवेलहून येत असल्याने माझ्या मते ६८० च्या वाटेला जाऊच नये. ८८० वरून ऑटो मॉल पार्कवेला उतरून ऑसगुड रोड आणि वॉशिंग्टन बुलेवार्डने यावे. ६८० नेच येणाऱ्यांनी २०२० साली सुरू झालेल्या उत्तरेकडच्या एक्सप्रेस लेनचा मोह टाळावा. ती अगदी डावीकडे आहे, आणि तिथून उजवीकडे येईपर्यंत १६ क्रमांक मागे पडला, तर पुढचा एक्झिट घाट चढू लागल्यावरच येतो.
कार्यकारिणीच्या वतीने

नमस्कार.
वरील पत्रात तुंबलेल्या गर्दीचा उल्लेख आहे. त्या गर्दीतले आम्ही काही जण या ईमेल यादीवरही आहोत. ट्रेसीत घर घेतले ते परवडले म्हणून, आणि २६२ वर रांग लावतो ती कुणाच्या दारावरून जाण्याची हौस आहे म्हणून नव्हे. दोन फ्रीवे नीट जोडण्याचा प्रकल्प परिवहन आयोगाकडे विचाराधीन आहे. त्यावर मते मागवली जातील तेव्हा फ्रीमाँटकरांनी केवळ वळणबंदीच्या पाट्या न मागता आमच्याबरोबर त्या जोडरस्त्यासाठीही लिहावे, अशी विनंती आहे. शुक्रवारी आम्ही ऑफिसातून परस्पर येऊ. मैफल साडेसातऐवजी सव्वाआठला सुरू करता आली, तर पहिला ख्याल आमच्याही वाट्याला येईल.
एक सभासद, ट्रेसी

नमस्कार.
गायकांशी बोलणे झाले आहे. सव्वाआठ निश्चित, अल्पोपाहार मात्र साडेसातपासूनच.
कार्यकारिणीच्या वतीने