आधी क्लास, मग टायर

ऑटोक्रॉससाठी (शंकूंमधून एकेका गाडीने वेळ लावून मारायची फेरी) मियाटा या माझदाच्या छोट्या स्पोर्ट्स कारला लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे) आणि योकोहामा ए०५२ टायर एकदमच घ्यावेत का, असं एकाने विचारलंय. टायरचं नंतर बघू, पण स्प्रिंगना हात लावू नका. एससीसीएच्या (अमेरिकेचा स्पोर्ट्स कार क्लब) स्ट्रीट क्लासमध्ये, म्हणजे जवळपास मूळ गाड्यांच्या गटात, स्प्रिंग कंपनीचेच लागतात. शॉक अब्सॉर्बर आणि एक अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) बदललेला चालतो. स्प्रिंग बदलले की गाडी स्ट्रीटमधून बाहेर. मग स्ट्रीट टूरिंग, म्हणजे जास्त बदल चालणारा गट, आणि तिथली मंडळी रिमपासून सस्पेन्शनपर्यंत सगळं करून आलेली असतात. विकतचं दुखणं!

टायरचं ट्रेडवेअर (झीज सोसण्याचा आकडा) किमान २०० हवं. हा आकडा टायर कंपनी स्वतःच देते, त्यामुळे सगळे २०० वाले सारखे नसतात. ए०५२ पटकन तापतो, पकड जबरदस्त. पण एकाच गाडीवर दोघं चालवणार असाल तर तो फार तापतो, मग दर फेरीनंतर पाण्याचा फवारा मारत बसा. ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस उष्णता जरा जास्त सोसतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या सीझनला आहेत तेच टायर झिजवा. साधा टायर घसरण्याआधी ओरडतो, स्टिअरिंग कुठे जास्त वळवलं ते लगेच कळतं. टायरच्या खांद्यावर (जमिनीवर टेकणाऱ्या भागाच्या कडेला) खडूची रेघ ओढा, फेरीनंतर ती कुठवर पुसली गेली ते बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर दोन पीएसआय हवा वाढवा.

आणि नाव नॉव्हिसमध्येच, म्हणजे नवख्यांच्या गटातच घाला. तिथे बहुतेक क्लब पॅक्स गुणकाने (प्रत्येक क्लासला ठरलेला, गाड्यांमधला फरक भरून काढणारा आकडा) वेळ गुणून निकाल लावतात, शेजारी कॉर्वेटसारखी दमदार गाडी उभी असली तरी बिघडत नाही.