मदत हवी आहे : मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावरील ऑपरेटरने कोणते प्रमाणपत्र घ्यावे? (सोलापूर)

सीनाकाठ :

सर्वांना नमस्कार.

मी सोलापुरातील एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर नऊ वर्षे ऑपरेटर म्हणून काम करतो. केंद्र ठेक्याने चालवले जाते. या काळात तीन ठेकेदार आले आणि गेले, पाळीवरची माणसे मात्र बहुतेक तीच राहिली. माझे शिक्षण बारावी विज्ञानपर्यंत झाले आहे, आयटीआय केलेले नाही. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र), पंप, क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी), गाळाची परतफेड (बसलेला गाळ पुन्हा हवेच्या टाकीत सोडणे), क्लोरीनची मात्रा यांपैकी जे काही येते ते जुन्या सहकाऱ्यांच्या हाताखाली शिकलो.

नव्या निविदेत प्रत्येक पाळीवर किमान एक ‘प्रशिक्षित व प्रमाणित ऑपरेटर’ असावा अशी अट आली आहे. ठेकेदाराच्या कचेरीतून निरोप आला की दोन महिन्यांत प्रमाणपत्र आणा, नाहीतर तुम्हाला हेल्परच्या पगारावर दाखवावे लागेल. कोणते प्रमाणपत्र, कोणाचे, हे निविदेतही लिहिलेले नाही आणि कचेरीतही कोणी सांगत नाही. त्याच आठवड्यात एका खासगी संस्थेचा प्रतिनिधी केंद्रावर आला. सहा हजार रुपये भरायचे, दोन दिवस मोबाईलवर वर्ग ऐकायचा, परीक्षा नाही, प्रमाणपत्र घरपोच मिळेल, असे त्याने सांगितले. आमच्यातील दोघांनी उसने घेऊन पैसे भरलेही. त्यांचे प्रमाणपत्र मी हातात घेऊन पाहिले. सोनेरी किनार आणि मोठा शिक्का आहे, पण अभ्यासक्रमाचा क्रमांक नाही, मूल्यमापन कोणी केले त्याचे नाव नाही आणि पडताळणीची सोयही नाही.

शेजारच्या प्रोसेस हाऊसमधील (कापड रंगवण्याच्या कारखान्यातील) बॉयलर अटेंडंटला प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवता येत नाही, तारतंत्रीलाही परवाना लागतो. आमच्या कामासाठी असा कायद्याने ठरवलेला परवाना आहे का? नसेल, तर निविदेतील ‘प्रमाणित’ या शब्दाचा अर्थ कोणी लावायचा? नऊ वर्षांचा अनुभव मोजला जाईल अशी एखादी वाट आहे का? आणखी एक अडचण आहे. आमच्या पाळीतील तिघांचे शिक्षण तेलुगू माध्यमात झाले आहे. ते मराठी उत्तम बोलतात, पण इंग्रजीतील प्रश्नपत्रिका त्यांच्या हाती दिली तर ती कोरीच परत येईल, आणि यंत्र चालवण्यात ते माझ्यापेक्षा कमी नाहीत.

हे विचारण्यामागे नोकरीइतकेच दुसरेही एक कारण आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये रात्रपाळीत एरेशन टँकमधील (हवा सोडतात त्या टाकीतील) नमुना एक लिटरच्या मोजपात्रात घेतला. आमच्याकडे अर्ध्या तासात गाळ ३००–३५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसतो. त्या रात्री तो ८२० वर अडकून राहिला आणि कडेने बारीक कणांचे धागे तरंगत होते. येणाऱ्या पाण्याला फिकट जांभळी झाक होती आणि एक ब्लोअर दुपारपासून बंद होता. मी वहीत ८२० लिहिले. सकाळी पर्यवेक्षकाने ते पान बदलून ३२० लिहायला सांगितले. मी लिहिले नाही, पण तो आकडा नक्की काय सांगतो, हे मलाही त्याला पटवून देता आले नाही. नऊ वर्षे रोज हे मोजपात्र भरणाऱ्या माणसाला एवढे सांगता यायला हवे होते. म्हणून मला नुसता कागद नको आहे, हे काम समजून घ्यायचे आहे.

प्रयोगशाळेतून :

सीनाकाठ, आपण पान बदलले नाही हे योग्य केले. मी औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो, त्यामुळे प्रमाणपत्रांच्या विषयाशी माझा बराच संबंध येतो.

आपल्या देशात मैलापाणी केंद्राच्या ऑपरेटरसाठी बॉयलर अटेंडंटसारखा सक्तीचा परवाना नाही. अमेरिकेत तो राज्यवार असतो. कॅलिफोर्नियात या कामाच्या पाच श्रेणी आहेत, प्रत्येक श्रेणीसाठी परीक्षा आणि अनुभव लागतो, आणि केंद्र जितके मोठे व गुंतागुंतीचे तितक्या वरच्या श्रेणीचा माणूस त्याचा प्रमुख असावा लागतो. आपल्याकडे पाणी प्रदूषण अधिनियम १९७४ चा आहे, पण त्याचा सारा भर केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर आहे. केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या पात्रतेची जागा त्यामुळे निविदेतील एखाद्या मोघम ओळीने भरली जाते आणि त्या मोघमपणावर सहा हजारांची दुकाने चालतात.

आपल्यासाठी सर्वांत जवळची वाट म्हणजे स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स या क्षेत्र कौशल्य परिषदेची पात्रता. त्यात ‘वेस्टवॉटर ट्रीटमेंट प्लांट हेल्पर’ आणि ‘वेस्टवॉटर ट्रीटमेंट प्लांट टेक्निशियन’ अशा दोन भूमिका आहेत. आपण टेक्निशियनचाच आग्रह धरावा. हेल्परचे प्रमाणपत्र घेतले तर ठेकेदार तेच पुढे करून हेल्परचा पगार देईल. अनुभवी माणसासाठी ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजे आधीच अंगी असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची पद्धत आहे, सर्वजण तिला आरपीएल म्हणतात. तिच्यात पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करावा लागत नाही. थोडी उजळणी होते आणि मग बाहेरचा मूल्यमापक प्रश्न विचारतो व काम करून दाखवायला सांगतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला, त्यातही एसटीपी (मैलापाणी केंद्र), ईटीपी (कारखान्याच्या सांडपाण्याचे केंद्र) आणि अनेक कारखान्यांच्या सामाईक केंद्रांच्या देखभालीचा अभ्यासक्रम होता. मुलांपैकी कोणी या क्षेत्रात येऊ इच्छीत असेल तर आयटीआयमधील अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. नोकरी करत असताना मात्र तो आपल्याला शक्य होणार नाही.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला एवढेच विचारा, की ही पात्रता राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत कोणत्या नावाने आणि कोणत्या स्तरावर आहे आणि प्रमाणपत्र देणारी संस्था एनसीव्हीईटीची (राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची) मान्यताप्राप्त आहे का. खऱ्या संस्थेला याचे उत्तर एका वाक्यात देता येते.

निवृत्त फोरमन :

त्या ८२० विषयी लिहितो, कारण प्रश्नाचे मूळ मला तिथेच दिसते.

मोजपात्रातील आकडा एकटा काही सांगत नाही. त्याला एमएलएसएसची, म्हणजे टाकीतील पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या प्रमाणाची (मिलिग्रॅम प्रति लिटर) जोड द्यावी लागते. आकड्याला १,००० ने गुणून एमएलएसएसने भागले की गाळाचा निर्देशांक मिळतो. त्या दिवशी एमएलएसएस समजा २,६०० होता, तर ८२० चा निर्देशांक ३१५ च्या आसपास येतो. शंभराच्या आसपासचा गाळ चांगला बसणारा समजावा. दीडशेच्या वर गेला की गाळ फुगू लागला आहे असे धरून कारण शोधायला लागावे. पण रात्रपाळीत एमएलएसएस काढून देणारी प्रयोगशाळा उघडी नसते. तेव्हा दुसरे मोजपात्र घ्यावे, त्यात निम्मा नमुना आणि निम्मे शुद्ध झालेले बाहेरचे पाणी घालावे आणि पुन्हा अर्धा तास थांबावे. गाळ पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून बराच खाली गेला तर टाकीत गाळ जास्त झाला आहे, म्हणजे तो काढण्याचे प्रमाण वाढवायचे. मिश्रण करूनही तो साधारण निम्म्यावरच थांबला तर गाळच हलका आणि धाग्यांचा झाला आहे. अशा वेळी प्राणवायू, पोषकद्रव्ये आणि येणारे पाणी, हे तिन्ही तपासावे. ब्लोअर दुपारपासून बंद होता असे आपणच लिहिले आहे. टाकीतील विरघळलेला प्राणवायू तासन् तास एकच्या खाली राहिला की धागेदार जिवाणूंचे फावते. जांभळी झाक रंगाच्या पाण्याची असेल तर त्याचा नमुना त्याच वेळी बाटलीत भरून, वेळ लिहून ठेवायला हवा. सकाळपर्यंत ते पाणी निघून गेलेले असते.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही, पण ते पुस्तकात आहे. केंद्र शासनाच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेची मैलापाणी व मलनिस्सारणावरील नियमपुस्तिका २०१३ मध्ये तीन भागांत निघाली, त्यातील दुसरा भाग केवळ चालवणे आणि देखभाल यांवर आहे. इंग्रजी जड जाते, पण आकृत्या आणि तक्ते पाहून पुष्कळ समजते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची प्रशिक्षण प्रबोधिनी नाशिकला आहे. आपल्या केंद्राच्या मालक संस्थेमार्फत तिथे नावे पाठवण्याची मागणी लेखी करा. एकट्या कामगाराच्या अर्जापेक्षा मालक संस्थेच्या पत्राला वजन असते.

आणखी एक. प्रशिक्षण कोणतेही असो, त्यात बंद जागेत उतरण्याचा भाग आहे का हे आधी विचारा. ओल्या विहिरीत (येणारे मैलापाणी साठवून पंपाने उचलतात त्या विहिरीत) किंवा गाळाच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाईड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणून धोका टळला असे वाटते. पहिला माणूस पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. वायू मोजण्याचे उपकरण, हवा खेळवणारा पंखा, कमरेचा पट्टा आणि वर दोर धरणारा माणूस नसेल, तर कोणीही सांगितले तरी उतरू नका. गटार व मैलाटाकीच्या धोकादायक सफाईवर २०१३ च्या अधिनियमाने बंदी आहे, आणि अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पैसे वाढले, माणूस मात्र परत येत नाही.

कामगार मित्र :

अनुभवाचा पुरावा आजपासूनच जमवायला लागा, कारण आरपीएलमध्येही तो लागेल. तीन ठेकेदार बदलले असले तरी भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच असेल, तर सेवेचा सारा इतिहास त्यात दिसतो, तो काढून ठेवा. सध्याच्या ठेकेदाराकडे अनुभव प्रमाणपत्राची लेखी मागणी करा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये कंत्राटी कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभव प्रमाणपत्र द्यावे अशी तरतूद आहे. ‘मजूर’ असे लिहून दिले तर घेऊ नका. ‘ऑपरेटर’ असा शब्द आणि यंत्रांची नावे असतील असे पाहा.

वहीच्या प्रश्नाबाबत सांगायचे तर पाणी अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे कंपनीच्या हातून गुन्हा घडल्यास त्या वेळी कामकाजाचा कारभार ज्याच्याकडे होता तो जबाबदार धरला जातो. पाळीवरील ऑपरेटर आपोआप त्यात येत नाही, पण खोट्या आकड्याखाली आपली सही असेल तर आपली बाजू मांडणे कठीण होते. यापुढे असा प्रसंग आला तर पान फाडू नका, खाडाखोड करू नका, खाली वेळ टाकून ‘ब्लोअर क्रमांक अमुक बंद’ एवढे लिहा.

निकषांविषयीही थोडे. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेरील केंद्रांसाठी बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजायला लागणारा प्राणवायू) ३० आणि महानगरांसाठी २० मिलिग्रॅम प्रति लिटर होता. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो १० पर्यंत कडक करण्याचा आदेश दिला. आपल्या केंद्राला नेमका कोणता आकडा लागू आहे, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेले असते. त्याची प्रत पाळीच्या खोलीत लावण्याचा आग्रह धरा. १० बीओडीचे पाणी अंदाजाने काढता येत नाही, हाच प्रशिक्षणाच्या मागणीमागचा आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

सीनाकाठ :

तिघांचेही मनापासून आभार. निम्म्या पाण्याची चाचणी काल रात्री करून पाहिली. साधा नमुना ३४० वर बसला, मिश्रण १६५ वर. शेजारी दोन मोजपात्रे ठेवून पाळीतील सर्वांना दाखवले. तेलुगू माध्यमातील एका सहकाऱ्याने लगेच विचारले, की गाळ फुगलेला असता तरीही मिश्रण निम्म्याच्या जवळच थांबले असते, मग आजच्या चांगल्या गाळात आणि त्यात फरक कसा ओळखायचा? मला उत्तर देता आले नाही.

पैसे भरलेल्या दोघांना घेऊन उद्या त्या संस्थेकडे जाणार आहे, पात्रतेचे नाव आणि स्तर लेखी मागणार आहे आणि मिळाले नाही तर पैसे परत मागणार आहे. अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज आम्ही सहा जणांनी एकत्र लिहिला असून त्याची पोच घेतली आहे.

निवृत्त फोरमन :

प्रश्न अगदी बरोबर आहे. ही चाचणी फक्त पहिला आकडा वर अडकलेला असेल तेव्हाच उपयोगाची. ३४० असताना गाळ चांगलाच आहे, तिथे निम्मे येणे स्वाभाविक आहे. ८२० चे ४०० झाले तर गाळ फुगलेला, आणि ८२० चे २०० झाले तर गाळ केवळ जास्त झालेला. त्या सहकाऱ्याला टेक्निशियनच्या मूल्यमापनाला नक्की बसवा.

सीनाकाठ :

त्याला सांगितले, त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. आता एकच विचारायचे राहिले आहे. टेक्निशियन भूमिकेसाठी आरपीएलचे मूल्यमापन कोणी प्रत्यक्ष दिले आहे का, आणि तोंडी प्रश्न मराठीत किंवा तेलुगूत विचारले गेले का? लेखी भाग मोबाईलवर होता की कागदावर, हेही कळवावे. आम्ही सहा जण आहोत आणि हातात सात आठवडे उरले आहेत.